हवा सुटली का?

रश्मीला नियम मोडता येत नसे. हा दोष तिला बापाकडून मिळाला होता. देवराव एकतीस वर्षं तेल्हारा डेपोत कंडक्टर होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा तिकिटाशिवाय हिवरखेडला उतरू दिलं नव्हतं. मेव्हणा पुढे सात वर्षं घरी फिरकला नाही. रश्मीची आई जाईबाई ते नवऱ्याला अजून ऐकवत. देवराव म्हणत, "नियम मंजे नियम." लहानपणी हे ऐकून ऐकून रश्मीचे कान किटले होते, आणि आता अमरावतीच्या दवाखान्यात सिस्टर झाल्यावर तीच हे वाक्य इतरांना ऐकवत होती.

म्हणून तर तिथल्या सर्जन मंजुषा मॅडमनी स्टेपलरच्या अभ्यासाचे फॉर्म भरायचं काम तिच्याकडे दिलं.

मोठ्या आतड्याचा खराब तुकडा कापून काढला की उरलेली दोन टोकं पुन्हा जोडावी लागतात. पूर्वी ती सुईदोऱ्यानं शिवत. आता बरेच डॉक्टर स्टेपलर वापरतात. ऑफिसात कागद टाचतात त्याचाच हा थोरला भाऊ. फक्त याच्या टाचण्या बारीक असतात, गोल रांगेत बसतात आणि जन्मभर आतच राहतात. टोकं समोरासमोर आणायची, मूठ दाबायची, झाला जोड. सांगायला सोपं. पण दवाखान्यातल्या पांढऱ्या मुठीच्या स्टेपलरची ती मूठ कुणा धिप्पाड माणसाचा पंजा डोळ्यासमोर ठेवून बनवलेली होती, आणि मंजुषा मॅडमना ग्लव्ह्ज सगळ्यात लहान नंबरचे लागत. हात अमरावतीत नावाजलेला, पण मूठ दाबायची वेळ आली की मॅडम दोन्ही हात लावत, दातओठ खात, आणि दाबून झालं की आधी घाम पुसून घेत.

त्यात आता निळ्या मुठीचा नवा स्टेपलर आला होता. तो एका हातात दबे. पण हाताला सोपा म्हणजे आतड्यालाही चांगला, असं कसं म्हणायचं? म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं अमरावतीत आणि अकोल्यात त्याची परीक्षा लावली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारा ऑपरेशनं पांढऱ्या मुठीनं करायची, एप्रिलपासून बारा निळ्या मुठीनं. मग बघायचं, जोडातून गळती कुणाची होते, ताप कुणाला येतो, आणि आतडं लवकर कामाला कुणाचं लागतं.

हे शेवटचं महत्त्वाचं. ऑपरेशन झालं की आतडं रुसून बसतं. दोन-तीन दिवस काही हालचाल करत नाही. मग कधीतरी त्याचा राग जातो आणि पेशंटला खालून हवा सरते. घरात एरवी ज्या आवाजावर पोरंसोरं हसतात आणि म्हातारे कानावर हात ठेवतात, त्याच आवाजाची वाट दवाखान्यात सगळे डोळ्यांत तेल घालून बघत असतात.

फॉर्ममध्ये हा प्रश्न पुण्याच्या कुणा सभ्य माणसानं लिहिला होता. 'हवा सुटली का? होय / नाही. वेळ.' आणि फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत सूचना होती की प्रश्न आहे तसाच वाचावा, शब्द बदलू नयेत. रश्मीला एवढं पुरेसं होतं. ती रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खाटेपाशी उभी राहून, फॉर्म हातात धरून, शाळेत धडा वाचावा तसं वाचायची, "हवा सुटली का?"

पांढऱ्या मुठीच्या बारा जणांनी सरासरी तिसऱ्या दिवशी होय म्हटलं. निळ्या मुठीचे पेशंट मात्र दुसऱ्याच दिवशी होय म्हणू लागले. दोघा-तिघांनी तर ऑपरेशनच्याच संध्याकाळी सांगितलं.

"इतकं चांगलं असू नये खरं तर," मॅडम आकडे बघून म्हणाल्या. पण चेहरा खुलला होता. शुक्रवारी पुण्याच्या लोकांशी मीटिंग होती. त्यांनी हे मान्य केलं की निळी मूठ दवाखान्यात कायमची येणार होती.

मॅडमपेक्षाही रश्मीला त्याची घाई होती. देवरावांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. वेळेत सापडली होती, वीतभर आतडं काढून जोडलं की बरे होतील, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण रश्मीनं गळती झालेले पेशंट पाहिले होते. ताप, दुसरं ऑपरेशन, पोटावर पिशवी. बापाच्या पोटात निळी मूठच जावी, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी घट्ट धरून ठेवली होती. ऑपरेशन सोमवारी होतं.

गुरुवारी सकाळी ती चौथ्या खाटेपाशी गेली. खाटेवर चंद्रभान होते, वरूडचे बागाइतदार, संत्र्याची आठशे झाडं. मंगळवारी निळ्या मुठीनं त्यांचं ऑपरेशन झालं होतं.

"हवा सुटली का?" रश्मीनं वाचलं.

"सुटली ना सिस्टर, लय सुटली," चंद्रभान कण्हत म्हणाले. "आता गळती होते पाहा. झाली बी असंल सुरू."

रश्मीच्या हातातला पेन खाली पडला. गळती. हा शब्द पेशंटच्या तोंडून तिनं आजवर ऐकला नव्हता. "कुठं दुखतं? पोट ताणल्यासारखं वाटतं का? थंडी वाजून येते?" असं विचारत तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला, नाडी धरली. पोट मऊ होतं. नाडी तिच्यापेक्षा शांत होती.

"माहं पोट काहून चाचपून राहिली बाई?" चंद्रभान चकित झाले. "माह्या बगीच्याचं बोलून राहिलो मी. अंबिया बहाराचं फळ लहान हाय अजून. अशी हवा सुटली का सडा पडते खाली." त्यांनी हनुवटीनं खिडकी दाखवली. बाहेर कडुनिंब मुळापासून हलत होता आणि पार्किंगमधली धूळ वर चढत होती. "तुमी रोज इचारता सकाळ-संध्याकाळ, तं मले वाटे, सिस्टरच्या घरी बी संत्रा असंल."

रश्मी खिडकीकडे बघत राहिली. मग शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे वलगावचे खुशालराव होते. त्यांच्या नावापुढे ऑपरेशनच्याच संध्याकाळची वेळ होती, सहा वाजून वीस मिनिटं.

"खुशालराव, तुमची हवा कुठून सुटली होती?"

"कुठून मंजे? कूलरातून," खुशालराव म्हणाले. "त्या दिसी सहा वाजता पाणी टाकलं त्यात, तवा सुटली. त्याच्या आंधी जीव उकडून गेल्ता."

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वॉर्डात कूलर बसले ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. वारा उठला तोही एप्रिलमध्येच. फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडक्या बंद, कूलर नाही, बाहेर पान हलत नव्हतं. तेव्हा बिचारे पेशंट नाही नाही म्हणत राहिले, आणि शेवटी कंटाळून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास होय म्हणाले. निळ्या मुठीनं काही चमत्कार केला नव्हता. चमत्कार कूलरनं केला होता. आणि हिवरखेडच्या पोरीला, जिच्या घरी उन्हाळ्यात रोज कुणी ना कुणी 'हवा सुटली' म्हणत अंगणात खाट टाके, तिला हे अडीच महिने उमगलं नव्हतं, कारण फॉर्मवर लिहिलं होतं की शब्द बदलू नयेत.

तिला आधी हसू आलं. मग सोमवार आठवला.

हे फक्त तिला ठाऊक होतं. उद्या मीटिंग, परवा निळी मूठ मंजूर, सोमवारी बाबा. चार दिवस गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? निळी मूठ वाईट नव्हतीच. बारापैकी एकालाही गळती नव्हती, मॅडमना ती आवडत होती. रश्मीनं डबा उघडला, भाकरी तोडली आणि घास हातातच ठेवून बसली. डोळ्यांसमोर मेव्हणा आला, म्हणजे तिचा मामा, हिवरखेडच्या स्टँडवर रागानं लाल होऊन खिसे चाचपणारा. आणि शेजारी बाबा, तिकिटाचा पंच हातात घेऊन थंडपणे उभे. असल्या बापासाठी खोटा आकडा चालवायचा म्हणजे त्याच्याच गाडीत त्याला विनातिकीट बसवायचं. तिनं डबा बंद केला आणि मॅडमच्या केबिनकडे निघाली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी कपाळाला हात लावला. मग चंद्रभानांची संत्री आठवून त्यांचे खांदे हलू लागले, आणि शेवटी टेबलावर डोकं टेकवून त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या मावशीनं दार ढकलून पाहिलं. डोळे पुसून त्यांनी अकोल्याच्या डॉक्टर धर्मेंद्रना फोन लावला. तिकडेही हाच अभ्यास चालू होता.

"धर्मेंद्र, तुमच्याकडे हवेचा प्रश्न कसा विचारता?"

"तो पुण्याचा प्रश्न कोणाले समजते मॅडम?" पलीकडून आवाज आला. "आमी सरळ इचारतो, पादले का? लगेच समजते."

"आणि दोन्ही स्टेपलरमध्ये फरक?"

"काई फरक नाई. दोन्ही सारखेच."

पुण्याला कळवलं. त्यांनी शुक्रवारची मीटिंग पुढे ढकलली, अमरावतीतली चोवीस उत्तरं बाद केली आणि नवा फॉर्म तयार होईपर्यंत निळी मूठ कपाटात ठेवायला सांगितली. त्या नव्या फॉर्मात अकोल्याचाच शब्द येणार होता. पुण्याचा माणूस तो शब्द फोनवर दोनदा विचारून घेत होता म्हणे.

"म्हणजे सोमवारी बाबांना पांढरीच," रश्मी म्हणाली.

मॅडमनी आपले दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले. "रश्मी, एक लहान असला तरी दोन आहेत ना? दोन्ही लावीन."

सोमवारी त्यांनी दोन्ही लावले. जोड झाल्यावर पोटात पाणी भरून, खालून हवा देऊन, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो तशी परीक्षा केली. एकही बुडबुडा आला नाही. मॅडमनी थिएटरबाहेर येऊन रश्मीला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या मनगटावर ग्लव्ह्जचा लाल वळ उमटला होता. रश्मीनं तो पाहिला आणि ती बर्फ आणायला धावली.

आता फक्त हवेची वाट होती.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरच्या संध्या सिस्टरनं देवरावांना त्याच सकाळी आलेल्या नव्या फॉर्मातला प्रश्न विचारला. अकोल्याचा, सरळ, खणखणीत आवाजात. देवरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं चालत्या गाडीतून बाहेर थुंकलं होतं.

"नाई," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीही नाही. रश्मी स्वतः विचारायला धजावेना. बापाला असला शब्द विचारणं तिच्या जिभेवर येईना. तिनं आईला पुढे केलं.

"मी नाई इचारत बाप्पा," जाईबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "चाळीस वर्स झाले लग्नाले, अजून म्या तुह्या बाबांसमोर जांभई नाई देल्ली. थे तं त्याच्याहून लाजरे. घरी बी आवाज आला तं खाकरून झाकतात."

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम राउंडला आल्या. स्टेथोस्कोप पोटावर ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. "पोट मऊ आहे. आवाजही येतोय. मग हवा का सरत नाही?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग रश्मीला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या, पण वॉर्ड लहान होता. "संध्याकाळपर्यंत वाट पाहू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, आणि स्कॅन करून जोड बघावा लागेल. तोपर्यंत तोंडानं काही नाही, पाणीही नाही."

निळी मूठ कपाटात पडून होती आणि ती तिथं गेली होती रश्मीच्या खरेपणामुळे. गप्प बसले असते तर, हा विचार तिनं तीन दिवस दाबून ठेवला होता, तो आता उसळून वर आला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण डोळे भरले होते आणि बापानं ते पाहायला नको होते.

मागून आवाज आला. टिंग टिंग.

रश्मीनं हा आवाज जन्मापासून ऐकला होता. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे 'जाऊ द्या', गाडी सुटली. ती वळली. देवराव उशीला टेकून बसले होते. एका हातात स्टीलचा रिकामा पेला होता, दुसऱ्यात चमचा. नजर छताकडे होती आणि कान लाल झाले होते.

त्यांनी पुन्हा पेल्यावर चमचा मारला. टिंग टिंग.

"काय झालं काका?" मॅडमनी विचारलं. "पाणी पाहिजे? पाणी आत्ता नाही देता येत."

रश्मी मात्र खाटेपाशी आली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "सुटली का?"

देवरावांनी मान हलवली.

"कोणती?"

"कालची," देवराव छताला म्हणाले. "पाच दहाची." मग थोडं थांबून, आता सांगायला लागलोच आहे तर सगळं सांगावं अशा आवाजात ते पुढे बोलले. "रात्री नऊ पाच. आज सकाऊन सहा चाळीस. अकरा वाजताची दोन मिनिटं लेट."

त्यांनी उशीखालून वर्तमानपत्राचा तुकडा काढून लेकीच्या हातात दिला. समासात बारीक, सरळ अक्षरांत चार वेळा लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण होती.

मंजुषा मॅडमनी तो कागद वाचला. "काका, चार वेळा? मग कालपासून नाही नाही का म्हणत होता? मी तुमच्या नाकात नळी घालायला निघाले होते."

"ते समजलं मनूनच वाजवली," देवराव म्हणाले. "ते पोरगी येऊन काहीबाही इचारते मॅडम, माह्या लेकीच्या दवाखान्यात. मी काय तोंडानं सांगू? कंडक्टर तोंडानं सांगत नसते. बेल देते."

जाईबाई पदराआड अशा हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. खुशालराव आपल्या टाक्यांना हात लावून हसत होते आणि हसू नका रे, दुखते रे, म्हणत होते. रश्मी कागद छातीशी धरून ढसाढसा रडली. कुणी तिला गप्प केलं नाही, कारण ती रडते आहे की हसते आहे हे कुणालाच धड कळत नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले, फॉर्म काढला आणि 'वेळ' या रकान्यात पहिली वेळ लिहिली. मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

"तुले सांगाची लाज वाटली बाई," देवराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण फॉर्मात वेळ लागते मनून सांगत होती तू घरी. तं मंग वेळ नाई चुकवली म्या."

अभ्यास पुढे दिवाळीपर्यंत चालला. दोन्ही स्टेपलरनी जोडलेली आतडी सारख्याच वेळेत कामाला लागतात असं निघालं. गळतीतही फरक नव्हता. पण हाताला निळी मूठ सोपी, हे दोन्ही गावांतल्या आठही सर्जननी लिहून दिलं, आणि मॅडमना तेवढं पुरलं. आता त्या एका हातानं मूठ दाबतात आणि दुसरा हात मुद्दाम कमरेवर ठेवतात.

अमरावतीच्या फॉर्ममध्ये हवेच्या प्रश्नाची मात्र पुन्हा दुरुस्ती झाली. पुण्याहून विचारणा आली, तुमच्या पेशंटच्या नोंदीत सगळीकडे 'डबल बेल' असं लिहिलंय, ही काय तपासणी आहे? रश्मीनं नियमाप्रमाणे खुलासा लिहून पाठवला, आणि फॉर्मात तोच शब्द आला. आता त्या वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी एक स्टीलचा पेला आणि एक चमचा असतो. नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगतात. दुपारी वॉर्ड शांत असतो, कूलर घरघरत असतो, आणि कुठल्या तरी कोपऱ्यातून टिंग टिंग ऐकू येतं. मग शेजारच्या खाटा एका आवाजात म्हणतात, "जाऊ द्या."